हलगी शेकेपर्यंत

नानांच्या एकाही पायजम्याची डावी मांडी शाबूत नव्हती. बारीक बारीक छिद्रं, कडा पिवळट. गंमत अशी की बॅटरीतलं तेजाब सांडलं त्या दिवशी ती दिसायची नाहीत. काकू पायजमा धुवायला घ्यायची, दगडावर दोनदा आपटायची आणि कापडाची चाळणी व्हायची. मग ती तिथूनच, नाना ऐकायला असोत वा नसोत, त्यांच्या धंद्याचा उद्धार सुरू करायची.

नाना म्हणजे माझे चुलते. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. धंदा म्हणजे एक आहुजाचा ॲम्प्लिफायर, दोन भोंगे, एक माइक, एक टेप आणि एक बॅटरी. सायकलच्या कॅरिअरला जुन्या ट्यूबनं आवळलेल्या लाकडी खोक्यात बॅटरी, हँडलच्या दोन्ही अंगाला भोंगे. सप्ताह, बारसं, लग्न, इलेक्शन, हरवलेली म्हैस, सगळं त्याच सामानावर. ॲम्प्लिफायरच्या पाठीमागं लाइटची पिन होती, तशी बारा व्होल्टची लाल-काळी टोकंही होती. लाइटच्या पिनेवर धूळ बसलेली असायची. लाल-काळी टोकं मात्र बोटांनी घासून चकचकीत.

लाइटवर भरवसा ठेवायचं कारणच नव्हतं. येलदरीचं धरण आमच्याच तालुक्यात. पूर्णेचं पाणी अडवून तिथं वीज तयार होते, हे आम्हाला चौथीत शिकवलं, कंदिलाच्या उजेडात पाठ करून घेतलं. परळीचं औष्णिक केंद्र शेजारच्या जिल्ह्यात. (तेही २०१५ च्या दुष्काळात पाण्यावाचून बंद पडलं होतं. कोळसा होता, पाणी नव्हतं. मराठवाडा एका वाक्यात सांगा म्हटलं तर मी हेच सांगतो.) तारा आमच्या शेतावरून जायच्या, उन्हाळ्यात लोंबायच्या, वीज मात्र पुढच्या गावाला. म्हणून नाना आठवड्याला बॅटरी जिंतूरला चार्जिंगला टाकायचे. एकदा मलाही नेलं होतं. बसस्टँडच्या मागं अंधाऱ्या खोलीत आठ-दहा बॅटऱ्या ओळीनं जोडलेल्या, झाकणं उघडी, आत बुडबुडे, आणि घशाला झोंबणारा आंबट वास. दुकानदार काचेची नळी प्रत्येक भोकात बुडवायचा, रबरी फुगा दाबून पाणी वर ओढायचा, आणि नळीतला छोटा काटा कुठवर तरंगतो ते डोळे बारीक करून बघायचा. "बाराशे साठ," तो म्हणायचा. नानांना तेवढं पुरे. ग्रॅव्हिटी, म्हणजे तेजाबाचा दाटपणा, बाराशे साठ झाली की बॅटरी भरली. बाराशेच्या खाली म्हणजे काटकसर. त्या खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत 'बिडी ओढू नये' लिहिलेलं होतं, कारण चार्ज होताना त्या बुडबुड्यांतून हायड्रोजन निघतो. नाना बिडी ओढायचे, पण बॅटरीपासून दहा पावलं लांब जाऊन. देवळात चप्पल काढतात तसं.

हे सगळं मी विसरलो होतो.

वाळूजला नोकरी लागल्यावर दोन वर्षांनी मी डीजेचा एक छोटा कंट्रोलर घेतला. दोन चकत्या, मध्ये मिक्सर, लॅपटॉपला एका वायरनं जोडायचा. त्याला वेगळी वीजही लागत नाही. यूएसबीतून येणारे पाच व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट, एवढ्यावर तो दिवसभर चालतो. एवढ्याशा विजेवर अख्खं लग्न नाचवता येतं, असं मला तेव्हा खरंच वाटायचं. कंट्रोलर आवाज करत नाही, आवाज स्पीकर करतो, ही गोष्ट फ्लॅटमध्ये कळत नाही. तिथं भिंतीत बोर्ड असतो.

कळली ती नानांच्या थोरल्या लेकीच्या हळदीला. हळद शेतात, आखाड्यावर (शेतातल्या खोपी-गोठ्याच्या जागेला आमच्याकडे आखाडा म्हणतात). शेतीच्या फीडरला दिवसाचे आठ तास, तेही पाळीनं, आणि त्या आठवड्यात पाळी रात्रीची. जनरेटर भाड्यानं आणायचा विषय निघाला तर मीच मोडता घातला. डिझेलचा वास, घरघर, भाडं, कशाला? ट्रॅक्टर उभाच आहे, त्याची बॅटरी आहे, मी संभाजीनगरहून इन्व्हर्टर आणतो. गणित मी मोबाइलवर करून दाखवलं. लॅपटॉपला पन्नास वॅट, दोन स्पीकरला सरासरी दीडशे, म्हणजे दोनशे. स्पीकरवर हजार वॅट छापलेलं असतं ते क्षणभराचं. गाणं चालू असताना सरासरी त्याच्या कितीतरी खाली असते. दोनशे भागिले बारा, वर इन्व्हर्टर स्वतः खातो तेवढं, धरा वीस अँपिअर. बॅटरी अठ्ठ्याऐंशी अँपिअर-तासांची. चार तास आरामात.

नानांनी मोबाइलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाले. त्यांचं 'बरं' ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तिथंच थांबायला हवं होतं.

पहिल्याच ढोलाच्या ठोक्याला इन्व्हर्टर पीं पीं करायला लागला. मी आणलेली वायर अडीच एमएमची, पाच मीटर लांब. जायची पाच, यायची पाच, वीस अँपिअर ओढले की दीड व्होल्ट त्या वायरीतच संपत होते. बॅटरी बारा म्हणते, इन्व्हर्टरला साडेदहा दिसतात. हे मला जागेवर सुचलं याचा मला फार अभिमान वाटला. इन्व्हर्टर उचलून बॅटरीला चिकटून ठेवला, वायर हातभर केली, पीं पीं थांबली. इन्व्हर्टर स्वस्तातला, साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाइटसारखी गुळगुळीत वीज देणारा नव्हे, त्यामुळं दोन गाण्यांच्या मध्ये स्पीकरमधून माशी घोंघावावी तशी भुणभुण यायची. कुणाचं लक्ष नव्हतं. पावणेदोन तास वाजलं. मग लाल दिवा लागला आणि सगळं बंद.

तेवढ्यावर भागलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. पण ट्रॅक्टरला पाण्याचा टँकर जोडलेला होता, आणि जेवणाच्या पंगतीसाठी पाणी आणायचं होतं. चावी फिरवली. टक्. पुन्हा टक्. टँकर सोडवला, बारा-चौदा जण शर्टाच्या बाह्या सावरत ट्रॅक्टरच्या मागं लागले, हळदीनं पिवळे झालेले हात चिखलानं माखलेल्या टायरवर, आणि उतारावरून ढकलत नेऊन गिअरमध्ये टाकून तो चालू केला. बायका मांडवाच्या कडेला उभ्या राहून हसत होत्या. त्यातल्या एकीनं लगेच माझं नाव गुंफून जात्यावरची ओवीच जोडली. ती इथं देत नाही.

ट्रॅक्टरची बॅटरी मुळात त्या कामाची नव्हेच. तिच्यात पातळ प्लेटा, भरपूर. दोन-तीन सेकंद शेकड्यानं अँपिअर द्यायचे, इंजिन फिरवायचं आणि लगेच पुन्हा भरून घ्यायचं. तिला तासन् तास ओढलं की ती खचते. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी जाड प्लेटांची, ती ओढ सोसते, पण दीडशे अँपिअर-तासांची एक उचलायची तर पन्नास किलोच्या वर वजन. आणि जे अठ्ठ्याऐंशी छापलेलं असतं, ते वीस तासांत हळूहळू काढलं तर. घाईनं काढायला गेलात की तेवढं निघत नाही. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये असा साधा नियम आहे. म्हणजे माझे चार तास कागदावरचे. नाना एवढं सगळं बोलले नाहीत. ते म्हणाले, "डंकीसारखं हापसायलास तू. हिरीला बी झिरपायला येळ लागतो."

त्यानंतरची दोन वर्षं मी या एकाच गोष्टीच्या नादी लागलो. सामान रस्त्यावर, शेतात, कुठंही, भिंतीच्या बोर्डाशिवाय वाजलं पाहिजे. रविवार त्यातच जायचा. एक छोटा मिक्सर जाळला. त्याच्या ॲडॅप्टरवर बारा व्होल्ट लिहिलेलं वाचलं, पुढं व्होल्टच्या शेजारी सरळ रेघ आणि तुटक रेघ नसून एक नागमोडी रेघ आहे, हे बघितलं नाही. त्या मिक्सरला डीसी नव्हे, एसीच लागायचा. आतून तो त्यातूनच प्लस आणि मायनस असे दोन्ही व्होल्टेज बनवायचा. बॅटरी जोडल्यावर तो जिवंत झालाच नाही, आणि मग माझ्या पुढच्या प्रयोगांनी मेला. दुसऱ्या एका यंत्राची पिन आतून निगेटिव्ह, बाहेरून पॉझिटिव्ह. डीजेच्या बहुतेक सामानाला आतून पॉझिटिव्ह असतं, गिटारवाल्यांच्या पेडलला उलटं. पिन तीच, साडेपाच मिलिमीटरची, भोकात बसतेही तशीच. तेव्हापासून माझ्या खिशात मल्टिमीटर असतो, जसा काहींच्या खिशात तंबाखूची डबी.

पॉवर बँकेची तऱ्हा वेगळी. वीस हजार एमएएच मोठ्या अक्षरांत लिहितात, पण ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं. गुणाकार केला की चौऱ्याहत्तर वॅट-तास. पाच व्होल्ट करून बाहेर काढताना वजावट होऊन पाच व्होल्टचे बारा-तेरा हजारच हाती लागतात. त्यावर कहर म्हणजे छोटं यंत्र फार थोडी वीज घेतं, म्हणून पॉवर बँकेला वाटतं मोबाइल भरला, आणि ती अर्ध्या मिनिटात झोपी जाते. कमी खाल्लं म्हणून ताट ओढून घेणारी सासू मी पहिल्यांदा बघितली. टाइप-सीच्या नव्या चार्जरमध्ये यंत्र आणि चार्जर आधी आपसांत बोलून व्होल्टेज ठरवतात, पाच, नऊ, पंधरा, वीस. वीस व्होल्ट आणि पाच अँपिअर म्हणजे शंभर वॅट, त्यावर लॅपटॉप सुखानं चालतो. ही मात्र खरी सोय झाली. पण लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बॅटरीवर घेतले की पुन्हा ती माशी घोंघावायला लागते. दोघांची जमीन, म्हणजे ग्राउंडची बाजू, दोन वाटांनी जोडली जाते, एक विजेच्या वायरीतून, एक आवाजाच्या वायरीतून, आणि त्या वेटोळ्यातून लॅपटॉपची सगळी खटपट ऐकू येते. मिक्सरला वेगळी बॅटरी दिली तेव्हा कुठं खोलीत शांतता झाली. बोर्डावर इतकी स्वच्छ शांतता मला कधी मिळाली नव्हती.

वाचता वाचता एकदा ब्रॉंक्सची गोष्ट सापडली. न्यूयॉर्कच्या त्या भागात सत्तरच्या दशकात पोरं बागेत, मैदानात टर्नटेबल मांडायची आणि वीज रस्त्याच्या दिव्याच्या खांबातून ओढायची. म्हणजे आकडाच की! आमच्याकडे गणपतीला, जयंतीला हेच होतं. २००३ च्या विद्युत कायद्याच्या १३५ व्या कलमात बसतं ते. हिप-हॉपचा जन्म म्हणून सांगितली जाते ती ११ ऑगस्ट १९७३ ची डीजे कूल हर्कची पार्टी मात्र इमारतीतल्या हॉलमध्ये झाली होती. तिथं बोर्ड असणार. मी हे नानांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "अमेरिकेत बी लायनमन पैसे घेतो का?"

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, हळद पुन्हा आखाड्यावर, आणि मी पुन्हा उभा राहिलो. घरात कुणी काही बोललं नाही; ट्रॅक्टर मात्र आदल्या दिवशीच शेजारच्या वावरात नेऊन लावलेला दिसला.

या खेपेला इन्व्हर्टर नाही. डीसीचं एसी करायचं, स्पीकरनं आत पुन्हा त्याचं डीसी करायचं, हा द्राविडी प्राणायाम बंद. चोवीस व्होल्टवर सरळ चालणारा डी-क्लासचा, म्हणजे वीज कमी वाया घालवणारा, ॲम्प्लिफायर बोर्ड घेतला. चार ओहमच्या स्पीकरवर बारा व्होल्टमधून कसंबसं अठरा वॅट निघतात. व्होल्टेज दुप्पट केलं की चौपट, बहात्तर. म्हणून लिथियम आयर्न फॉस्फेटच्या पन्नास अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून, सिरीजमध्ये. एकेक बॅटरी सहा-सात किलोची. नानांनी एक उचलली आणि हलवून बघितली.

"पाणी न्हाई?"

"नाही नाना."

"मग भरली का न्हाई ते कळायचं कसं?"

याला माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. शिशाची बॅटरी रिकामी होत जाते तसं तिचं व्होल्टेज हळूहळू उतरतं, तिचा चेहरा पडतो. ही लिथियमची पोर शेवटपर्यंत तेरा व्होल्टच्या आसपास हसतमुख असते आणि एकदम डोळे फिरवते. आत एक सर्किट असतं, ते सेल फार उतरायच्या आधी सगळं तोडतं. "आत बसलेला माणूस आहे म्हणा, तो बघतो," मी म्हणालो. नानांना आत बसलेला माणूस पसंत पडला नाही.

मग ते माझ्या स्पीकरकडे वळले. "तू दोन सालापासून बॅटरीकडंच बगायलास. तोंडाकडं कवा बगणार?" आणि माळ्यावरून भोंगा काढून आणला. गंज चढलेला, कडेला चेंबलेला.

दोन वर्षांच्या वाचनातून जे मला कळायला हवं होतं ते हे. भोंग्याला एक वॅट दिलं की मीटरभर अंतरावर १०५ डेसिबलच्या पुढं आवाज निघतो. घरगुती खोक्याला तोच एक वॅट दिला तर पंच्याऐंशी ते नव्वद. वीस डेसिबलचा फरक धरा. दहा डेसिबलला दहापट वीज लागते, वीसला शंभरपट. म्हणजे नानांचे तीस वॅट माझ्या खोक्याच्या तीन हजार वॅटना भारी होते. सायकलवरच्या एका बॅटरीत दोन गावांना कीर्तन कसं ऐकू जायचं, याचं कोडं बॅटरीत नव्हतंच. अर्थात भोंग्याला खालचा आवाज निघत नाही. माणसाचा गळा निघतो, हलगी निघते, संबळ निघतो, पण छातीत घुमणारा ढोल नाही. सगळी वीज खातो तो हा ढोल. टेम्पोवर भिंतीएवढे बॉक्स रचतात आणि मागं जनरेटरची गाडी चालवतात, ती निम्मी गाडी त्या बेससाठी असते. मला त्या भिंती आवडत नाहीत. आमच्या गल्लीतून एकदा ती गेली तेव्हा मांडणीवरची भांडी खाली आली आणि आजी दोन दिवस कानाला हात लावून बसली होती.

शेवटी मधला मार्ग निघाला. परभणीच्या एका मिस्त्रीकडून बारा इंची स्पीकरचं मोठं खोकं बनवून घेतलं, वरच्या आवाजाला नानांचा भोंगा. कानाला लागू नये म्हणून त्याचं तोंड नानांनी पिकाच्या दिशेनं, थोडं वर करून बांधलं. वायर वेल्डिंगच्या केबलीएवढी जाड. पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरावर फ्यूज. साडेचारला सुरू केलं. गणितानं नऊ-दहा तास सहज निघत होते, आणि या खेपेला गणितात सगळी वजावट धरलेली होती.

आठच्या सुमाराला बंद पडलं. पीं पीं नाही, लाल दिवा नाही. गाणं अर्ध्यावर असताना एकदम रातकिडे ऐकू यायला लागले.

मी बॅटरीच्या खोक्यात टॉर्च घेऊन घुसलो. मीटर लावला. वरच्या बॅटरीला तेरा पूर्णांक दोन. खालच्या बॅटरीला काहीच नाही. आत बसलेल्या माणसानं दार लावून घेतलं होतं.

नाना शेजारी उकिडवे बसले. त्यांचा हात सवयीनं टोकांवर गेला. ढिलं टोक गरम लागतं, म्हणून. दोन्ही गार होती. मग त्यांनी वायरी बोटानं एकेक करून माग काढत नेल्या. ॲम्प्लिफायरची लाल वरच्या बॅटरीवर, काळी खालच्या, ठीक. लॅपटॉपचा चार्जर बारा व्होल्टवाला, म्हणून तो एकट्या खालच्या बॅटरीवर. मांडवाच्या एलईडीच्या माळा बारा व्होल्टच्या, त्या ऐनवेळी कुणीतरी "ह्या बी लावून दे" म्हणालं म्हणून मीच लावलेल्या, त्याही खालच्या बॅटरीवर.

"जोडी जुपलीस," नाना म्हणाले, "आन वज्जं एकाच बैलाच्या मानंवर."

वरचा बैल जवळजवळ ताजातवाना उभा होता. खालच्यानं गाडी ओढली, शिवाय मांडव ओढला, शिवाय लॅपटॉप. वर दीडशे वॅट जास्त. साडेतीन तासांत तो बसला, आणि एक बसला की जोडी बसली. "मंग दोन्ही शेजारी शेजारी जोड की," नाना म्हणाले, "भरलेली रिकामीला देईल." हे मात्र मी होऊ दिलं नाही. भरलेली लिथियम बॅटरी रिकामीला सरळ भिडवली तर मधून किती अँपिअर धावतील याला मोजमाप नाही, वायर मेणासारखी मऊ होऊ शकते. नानांनी मान हलवली. त्या दोन वर्षांत त्यांनी माझं ऐकलेली ही पहिली गोष्ट.

एकट्या वरच्या बॅटरीवर बारा व्होल्टनं चालवायचं ठरलं. चौथाई ताकद. कानाला फक्त सहा डेसिबल कमी, आणि भोंगा होताच. माळा सोडल्या, मांडवात अंधार झाला, कुणीतरी मोटरसायकलींचे दिवे लावले. मी पान्हा तोंडात धरून वायरी बदलायला बसलो.

तोवर मांडवामागं हलगीवाल्यांनी तुराट्यांचा जाळ केला होता. तुराट्या चटकन पेटतात, चटकन विझतात. हलगीवाले मामा जाळापासून हातभर अंतरावर हलगी धरायचे, फिरवायचे, पुन्हा धरायचे. चामडं ओलसर हवेनं सैलावतं; उबेनं ताणलं जातं. मधून मधून ते एकाच बोटानं टिचकी मारून कान लावायचे. पहिली टिचकी भिजल्या पोत्यावर मारल्यासारखी. दुसरी जरा बरी. तिसऱ्या-चौथ्याला तो आवाज आला, सुकं लाकूड मोडावं तसा, आणि त्यांनी कांडी उचलली. एक जण वाजवतोय तोवर दुसऱ्याची हलगी जाळावर. मांडवातली सगळी पोरं तिकडं सरकली. नवरीही हळदीच्या पाटावरून मान लांब करून बघत होती.

माझं शेवटचं नट घट्ट झालं. लॅपटॉप उजळला, ॲम्प्लिफायरचा निळा दिवा लागला. गाणं जिथं थांबलं होतं तिथंच उभं होतं. बटणावर बोट ठेवून मी नानांकडे बघितलं. नाना दहा पावलं लांब जाऊन बिडी ओढत होते, पाठ माझ्याकडे.

मी बोट काढून घेतलं. वीसेक मिनिटं झाली असतील. जाळ बसला, राखेतून नुसत्या ठिणग्या उडायला लागल्या. हलगीवाल्या मामांनी टिचकी मारून बघितली, तोंड वाकडं केलं आणि मला हाक मारली.

"झालं का तुमचं? लावा मंग. आमची गार व्हायली."